घरचं लिंबू: तुमच्या झाडाची गोष्ट सांगा

माझ्या गच्चीवर लिंबाचं एक झाड आहे, पाच वर्षांचं. तासगावला माहेरी विहिरीजवळ आईने लावलेलं कागदी लिंबू आहे. त्याच्या एका फळातल्या बिया मी पुण्याला आणून रुजवल्या. आई आता नाही. तिकडचं झाड मात्र उभं आहे आणि दर उन्हाळ्यात भाऊ पिशवीभर लिंबं पाठवतो. माझं झाड पाच फूट झालंय, पानं काळीभोर हिरवी, काटे बोटाच्या पेराएवढे. पण आजवर एक फूल नाही.

म्हणून हा धागा. लिंबू, मोसंबी, संत्रं, पपनस, ईडलिंबू, म्हाळुंग, जे काही तुम्ही घरी लावलं असेल त्याबद्दल लिहा. ऐकीव उपाय नकोत, स्वतःच्या हाताने काय केलं आणि पुढे काय झालं ते सांगा. मेलेल्या झाडांबद्दलही लिहा, त्यातून जास्त शिकायला मिळतं. माझी कुंडी 18 इंची आहे, ऊन सकाळी आठपासून दोनपर्यंत, पाणी रोज संध्याकाळी.

अकोटहून (संत्र्याची बाग, घराच्या परसात दोन लिंबं)

ताई, पहिली गोष्ट म्हणजे धीर धरा. बीपासून आलेलं कागदी लिंबू जमिनीत असलं तरी फळायला चार-पाच वर्षं घेतं, कुंडीत त्याहून जास्त. एवढाले काटे आहेत म्हणजे झाड अजून पोरवयात आहे. फळायला लागलं की नव्या फांद्यांवरचे काटे आपोआप लहान होत जातात.

दुसरी गोष्ट रोजच्या पाण्याची. रोज पाणी मिळणाऱ्या झाडाला फुलायची गरजच वाटत नाही. आम्ही बागेत बहार धरतो, म्हणजे झाडं एका वेळी फुलवतो, ते ताण देऊनच, म्हणजे पाणी तोडून. मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये पाणी तोडतो. पानं मलूल होतात, काही गळतात, मग पहिल्या पावसाबरोबर झाड पांढरं होतं. आंबिया बहाराचा ताण डिसेंबर-जानेवारीत. लिंबाला आम्ही हस्त बहार धरायला बघतो, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरची फुलं मार्च-एप्रिलमध्ये लिंबं देतात आणि तेव्हाच भाव असतो. पण ऐन पावसाळ्यात ताण बसत नाही, दर वर्षी साधत नाही.

हे सगळं जमिनीतल्या झाडाचं. कुंडीत मूठभर माती, तिथे महिनाभर पाणी तोडलं तर झाड मरेल. पानं दुपारी जराशी वळली आणि संध्याकाळी परत सरळ झाली नाहीत की पाणी द्यायचं, एवढाच ताण पुरे. आधी मात्र बोट दोन पेरं मातीत घालून बघायची सवय लावा.

आणि एक विचारतो. बी रुजली तेव्हा एकाच बीतून दोन-तीन कोंब आले होते का?

ठाण्याहून (सातवा मजला)

आमच्या बाल्कनीत ऊन दोन तास. तीन वर्षं नुसती पानं. त्यात मी दर महिन्याला चमचाभर युरिया घालत होते, झाड हिरवंगार दिसायचं म्हणून. सोसायटीच्या गच्चीवर कुंडी ठेवायला परवानगी मिळाली, युरिया बंद केला आणि पुढच्याच फेब्रुवारीत फुलं. बाकी काहीही बदललं नाही.

नाशिकहून

मला मोसंबीबद्दल लिहायचंय, कारण ही चूक कुणीतरी आधी सांगितली असती तर माझी चार वर्षं वाचली असती.

एका रोपवाटिकेतून कलम आणलं, अंगणात लावलं. पहिल्या वर्षी जेमतेम जीव धरून होतं. दुसऱ्या वर्षी बुडाशी दोन सरळ, जोमदार फांद्या फुटल्या. मला इतका आनंद झाला! त्यांना काठीचा आधार दिला, वरचा सुकत चाललेला भाग छाटून टाकला. चौथ्या वर्षी फळं आली ती जाड सालीची, खडबडीत, आंबट. कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका शेजाऱ्यांनी बघताक्षणी ओळखलं: जंबेरी. म्हणजे मोसंबीचा डोळा (फांदीवरची कळी) ज्या दुसऱ्या लिंबाच्या खुंटावर बांधून कलम केलं होतं, तो खुंटच मी वाढवला होता आणि मोसंबी स्वतःच्या हाताने कापली होती.

तेव्हापासून कुणीही कलम आणलं की मी आधी वाकून डोळा बांधलेली जागा दाखवते. खोडावर तिथे गाठ किंवा बाक दिसतो. त्याच्या खालून जे फुटेल ते कोवळं असतानाच बोटाने मोडायचं, आणि ती जागा मातीखाली कधीही जाऊ द्यायची नाही. नवं झाड आता तीन वर्षांचं आहे, या वर्षी अकरा मोसंब्या लागल्या.

सोलापूरहून

पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, तेही कोवळ्या पानांवर. आमची चुनखडीची जमीन, बोअरचं जड पाणी, त्यामुळे लोह मुळांना मिळत नाही. चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं, लोह आणि जस्त फवारलं, नवी पालवी हिरवी आली. कुंडीवाल्यांसाठी एक सांगणं: आरओचं टाकाऊ पाणी लिंबाला घालू नका. पाणी वाचवायचं म्हणून आम्ही वर्षभर घातलं, सगळ्या क्षारांनी पानांचे शेंडे जळत गेले. तेच पाणी आता फरशी पुसायला.

कुडाळजवळून

आमच्याकडे गंमत वेगळी, पाणी तोडायचं कसं हा प्रश्नच नाही, पाणी काढायचं कसं हा आहे. परसातलं लिंबू डिंक्याने गेलं. खोडाला बुडाशी साल फाटून डिंक यायला लागला आणि दोन पावसाळ्यांत झाड वाळलं. चूक आमचीच, खोडाला लागून आळं केलेलं, चार महिने पाणी खोडाशी तुंबलेलं. आता नवं झाड उंचवट्यावर लावलंय आणि खोडाभोवती माती चढवून पाणी बाहेरच्या गोलातच राहील असं दुहेरी आळं केलंय. मे संपताना खोडाला दोन-अडीच फूट उंचीपर्यंत बोर्डो मलम लावतो: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी बादली घेऊ नये.

खैऱ्या मात्र पूर्ण जात नाही. फळांवर खरबरीत तपकिरी फोड येतात. रोगट फांद्या कोरड्या हवेत छाटून जाळतो. फळ आतून चांगलं असतं, रस काढायला काही अडत नाही. पपनसाला त्यामानाने काहीच त्रास नाही. चतुर्थीला माटवीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला) बांधायला घरचंच पपनस असतं, याचं आमच्या म्हाताऱ्या काकांना फार कौतुक.

साताऱ्याहून

पानं खाणाऱ्या अळीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. लहानपणी ती हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. हात लावला की डोक्यामागून लाल-केशरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माझ्या मुलीने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती तासभर कुंडीपाशीच बसून होती. त्यातून लिंबाचं फुलपाखरू निघतं, काळं-पिवळं.

आम्ही फवारत नाही. लहान रोपावरच्या अळ्या उचलून मोठ्या कढीपत्त्यावर सोडतो. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, अळ्यांना तो चालतो, आणि मोठ्या झाडाला दहा-बारा अळ्यांनी काही होत नाही. कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा काढणारी नागअळी मात्र वेगळी, तिच्यासाठी पालवी फुटतानाच लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी फवारते.

न्यू जर्सीहून

इथे मेयर लेमन, कुंडीत. 1908 मध्ये फ्रँक मेयर यांनी चीनमधून अमेरिकेत आणलेली ही जात. रात्रीचं तापमान 10 अंशांखाली जायला लागलं की कुंडी घरात. पहिल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत पानं गळायला लागली, तहान लागली असेल म्हणून मी पाणी वाढवलं आणि मुळं कुजली. पानं नाहीत तर झाड पाणी पिणार कशाने, हे तेव्हा सुचलं नाही. दुसरं झाड दक्षिणेच्या खिडकीत, वर दिवा, पाणी आठ-दहा दिवसांनी. जानेवारीत बाहेर बर्फ आणि घरभर लिंबाच्या फुलांचा वास. फुलं आली की रंगाच्या ब्रशने परागकण फिरवते, कारण मधमाशी कुठून येणार. वरणावर पिळायला छान, लोणच्याला मात्र कागदीच हवं, मेयरचा आंबटपणा कमी.

डोंबिवलीहून

धागाकर्त्या ताईंसाठी. आमची जुनी इमारत पाडायची ठरली तेव्हा आवारातल्या लिंबाची मी जून महिन्यात गुटी बांधली. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढली, ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळलं, वरून प्लास्टिक घट्ट बांधलं. दोन महिन्यांत पांढरी मुळं दिसायला लागली. पाचपैकी तीन जगल्या. गुटीचं झाड मोठ्या झाडाचाच तुकडा असतो, दोन-तीन वर्षांत फळतं.

पुण्याहून (मीच)

अकोटचे काका, तुमचा प्रश्न वाचून मी जुने फोटो काढून बघितले. हो, एका बीतून दोन कोंब आले होते. बारीक होता तो मी उपटला, जाड ठेवला.

अकोटहून

मग ऐका. कागदी लिंबाच्या एका बीत बहुधा एकाहून जास्त गर्भ असतात. त्यातला एक परागीकरणातून आलेला, बाकीचे निव्वळ आईच्या पेशींतून. जोमदार असतो तो बहुतेक आईच्या पेशींतलाच. तुमच्या गच्चीतलं रोप म्हणजे बहुतेक ते विहिरीजवळचंच झाड आहे. टाकू नका. जूनमध्ये तासगावच्या झाडाला गुटीही बांधा, ती आधी फळेल. हे मागून येईल.

पुण्याहून

रोजचं पाणी थांबवलंय. भावाला फोन केला, मोठ्या झाडाची विहिरीच्या बाजूची फांदी यंदा छाटू नकोस म्हटलं. मॉस आणलंय. मृग लागला की तासगावला जाते आहे.