प्रतिसाद: 'जुना चांगला स्वीडिश काळ' खरंच चांगला होता का?

एस्टोनियातले लोक सतराव्या शतकातल्या स्वीडिश अमदानीला 'जुना चांगला काळ' म्हणतात, असं मूळ लेखात म्हटलंय. पण चांगला कुणासाठी, हे पाहायला हवं. १६२१ मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फने रीगा (आज लॅटव्हियात) घेतलं, १६३२ मध्ये एस्टोनियातल्या तार्तूला विद्यापीठ निघालं. तिथे शिकली मात्र मुख्यतः जर्मन आणि स्वीडिश मुलं. कुणब्यांच्या पोरांना अक्षरओळख झाली ती फोर्सेलियस या शिक्षणप्रसारकामुळे. १६८४ साली त्याने तार्तूजवळ शिक्षक घडवणारी शाळा काढली आणि तिथली दोन शेतकरी मुलं थेट स्टॉकहोमला राजासमोर उभी केली! (फोर्सेलियस स्वतः १६८८ मध्ये समुद्रात बुडाला.)

स्वीडनचा राजा अकराव्या चार्ल्सने इथल्या जमीनदार जर्मन सरदारांच्या बहुतेक जहागिऱ्या सरकारजमा केल्या, ही गोष्ट रयतेच्या पथ्यावर पडली. त्यांच्यातला एक सरदार पाटकुल त्यावरूनच बिथरला आणि पुढे स्वीडनविरुद्धच्या कटात सामील झाला.

आणि १६९५-९७ चा दुष्काळ? एस्टोनियात सुमारे ७०,००० माणसं दगावली, तरी धान्याची जहाजं बाहेर जातच होती. पुढच्या रशियन राजवटीत सरदारांना जहागिऱ्या परत मिळाल्या, वेठ वाढली. मागचा काळ गोड वाटू लागला तो बहुधा त्यानंतरच.