वॉरंटी चालू असताना इंजिनाचा रीमॅप करावा का? माझं मत: नाही

कसारा_चढ (धागा काढणारा)

मंडळी, गेल्या आठवड्यात भाच्याने फोक्सवॅगनची नवी व्हर्टस जीटी घेतली. दीड लिटरचं टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. पेढे वाटून झाले आणि त्याने विचारलं, "मामा, स्टेज वन कुठे करून घेऊ?" म्हणजे रीमॅपची (ट्यूनची) पहिली पायरी: इंजिनाच्या कंप्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची. गाडीवर अजून तात्पुरती नंबरप्लेट होती. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर मांडतो, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोघे-तिघे तरी विचारतात.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक टर्बो पेट्रोल सेदान होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. ३८ हजार रुपये देऊन रीमॅप केला. पहिले नऊ महिने अक्षरशः सुखाचे गेले. दुसऱ्या गिअरला गाडी अशी झेपावायची की कामाचा कंटाळा आला की मी उगाच गंगापूर रोडला एक चक्कर मारून यायचो. मग मे महिना आला. मुंबईहून नाशिकला परतत होतो. गाडीत चार माणसं, डिकीत वाशीहून घेतलेल्या हापूसच्या पेट्या, एसी पूर्ण. कसारा घाटात ट्रकच्या मागून बाहेर काढली आणि गिअर न उतरवता तिसऱ्यातच, पंधराशे आरपीएमला, पेडल तळापर्यंत दाबलं. 'टक्' असा एकच आवाज आला, खालून दगड लागावा तसा. पाठोपाठ इंजिन थरथरू लागलं आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला.

सर्व्हिस सेंटरला कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतात ते) तपासलं. तीन सिलिंडर बारा बारच्या आसपास, एक पाचवर. पिस्टन बाहेर काढला तर रिंग बसते त्या खाचेची कड तुटलेली, नखाएवढा तुकडा. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

अॅडव्हायझर सज्जन माणूस होता. लॅपटॉप जोडला, काही बोलला नाही. दोन दिवसांनी मेल आला: सॉफ्टवेअर मूळचं नाही, क्लेम नामंजूर. बिल २ लाख ८० हजार. ट्यूनरला फोन केला तर म्हणाला, पेट्रोल भिकार असणार. सर्व्हिस सेंटरने ट्यूनकडे बोट दाखवलं, ट्यूनरने पंपाकडे, आणि मला एकालाही खोटं पाडता आलं नाही.

इंजिन टिकेल का यावर दोन तास वाद घालता येतो. तुटल्यावर बिल कोणाच्या नावावर फाटणार, ते मात्र रीमॅपच्या दिवशीच ठरून जातं. चार वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी हातात असताना ती सोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

---

फुल_थ्रॉटल_पुणे

दादा, तुमचं नुकसान झालं याचं खरंच वाईट वाटलं. पण मत अजिबात पटलं नाही.

माझ्याकडे २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे. भारतात दोनशेच आल्या होत्या. मुळात २४५ पीएस (अश्वशक्ती), ३७० न्यूटन मीटर टॉर्क (ओढ). अकरा हजार किलोमीटरवर स्टेज वन केलं, आज चौसष्ट हजार झालेत. एक दिवस गाडीने त्रास दिलेला नाही. कंपनी पंधरा हजारांवर सांगते ते ऑइल मी साडेसात हजारांवर बदलतो. प्लग वेळेआधी बदलतो. दर महिन्याला इंजिनाचा लॉग काढून बघतो की नॉकिंगमुळे (पेट्रोल अवेळी भडकल्यामुळे) इग्निशन, म्हणजे स्पार्कची वेळ, किती मागे जातंय. पुण्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० पासून मिळतंय, महाग आहे तरी तेच भरतो. तुम्ही पंधराशे आरपीएमला चढावर पेडल दाबलंत, दादा. ती चूक स्टॉक, म्हणजे काहीही न बदललेल्या, गाडीलाही महागात पडू शकते.

आणि कंपन्या हेच करतात ना? तेच दोन लिटरचं ईए ८८८ इंजिन फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयला कमी ताकदीचं आणि गोल्फ आरला तीनशे पीएसचं. लोखंड तेच, फाइल (सॉफ्टवेअर) वेगळी. अशी गाडी घेणारा माणूस वॉरंटीसाठी गाडी घेत नाही. माझी चालवायची हौस आत्ता आहे. चार वर्षं थांबायचं तर मग आरएस कशाला घ्यायची?

---

हिंजवडीवासी

+१ धागालेखकाला. ईएमआय चालू असताना असले प्रयोग म्हणजे विषाची परीक्षा.

---

कॅलिब्रेशनवाली

मी इंजिन कॅलिब्रेशनमध्येच, म्हणजे इंजिनाचं मूळ सॉफ्टवेअर बेतण्याचं, काम करते, म्हणून 'लोखंड तेच' यावर आधी लिहिते. ते तसं नाही. सातव्या पिढीच्या गोल्फ आरचा टर्बो आयएस३८, जीटीआयचा आयएस२०. शिवाय आरचं सिलिंडर हेड, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पिस्टन, इंजेक्टर यांतही बदल आहेत. फक्त फाइल बदलून तीनशे मिळाले असते तर कंपनीने एवढा खर्च कशाला केला असता?

आता तो 'उरलेला दम', जो ट्यूनर विकतात. आम्ही गाडी राजस्थानच्या उन्हात पंचेचाळीस अंशांत चालवतो, लेहला नेऊन पातळ हवेत चालवतो, हलक्या पेट्रोलवर चालवतो, आणि या सगळ्यांत वाईट दिवस कुठला ते शोधून त्याच्यासाठी जागा राखतो. पुण्यात जानेवारीच्या सकाळी ती जागा रिकामी दिसते, हे खरं. महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पंधरा टक्के कमी असतो. तिथे तोच बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. ट्यूनने बूस्ट आधीच वाढवला असेल तर तुम्ही ती राखीव जागा घाटाखालीच खर्च केलेली असते.

कसारा_चढ यांच्या बाबतीत काय झालं ते पिस्टन हातात न घेता मी ठामपणे सांगणार नाही. पण वर्णन कमी वेगावरच्या प्री-इग्निशनसारखं आहे. लहान, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात आरपीएम कमी आणि भार जास्त असताना ऑइल-पेट्रोलचा थेंब स्पार्क पडायच्या आधीच पेट घेतो. नॉक सेन्सर पुढच्या वेळी स्पार्क मागे घेऊ शकतो, पण जे स्पार्कच्या आधीच पेटलं त्याला तो काय करणार? त्या एका फटक्यात रिंगची कड जाते. याच कारणाने ऑइलचं मानक बदललं, २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आलं आणि २०२० मध्ये एसपी. स्टॉक गाडीतही हे होऊ शकतं, फुल_थ्रॉटल, ते तुमचं बरोबर. पण कमी आरपीएमला टॉर्क किती द्यायचा यावर कंपनी मर्यादा घालते ती यासाठीच, आणि स्टेज वन सर्वांत आधी तीच मर्यादा उचलतं, कारण चाचणी फेरीत गिऱ्हाइकाला तिथलीच ओढ जाणवते.

भाच्यासाठी एक आकडा. त्याचं इंजिन मुळातच २५० न्यूटन मीटर देतं आणि त्यामागचा सात गिअरचा, सुक्या क्लचचा डीक्यू२०० गिअरबॉक्स २५० पर्यंतच पेलतो. म्हणजे तिथे जागा शून्य. ऑक्टाव्हिया आरएसचा क्लच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे फुल_थ्रॉटल यांचा अनुभव भाच्याच्या गाडीला लागू करू नका.

---

उद्यमनगर_गॅरेज

कोल्हापूरचा आहे, पंचवीस वर्षं इंजिनं उघडतोय. ताईंचं बरोबर, पण एक बाजू राहिली. ट्यून केलेल्या गाड्या बिघडून माझ्याकडे येतात, तशा न बिघडलेल्या पण सर्व्हिसला येतात, आणि त्या जास्त आहेत.

इंजिन मरतं ते आळसानं. ऑइल वेळेवर नाही, कूलंटच्या जागी नळाचं पाणी, एअर फिल्टर बघितला तर त्यात पाचोळा. असल्या गाडीवर ट्यून चढवला तर दोष कुणाचा? माझ्याकडे कुणी ट्यूनसाठी आला तर आधी कॉम्प्रेशन, मग प्लग काढून रंग बघायचा, मग कॉइल, मग टर्बोचे पाइप कुठं घाम गाळतात का ते. निम्म्या लोकांना मी तिथूनच परत पाठवतो. भावा, आधी हे नीट कर, मग ये.

आणि ते पॉप अँड बँग कुणी मागितलं तर मी हात जोडतो. पेडल सोडल्यावर मुद्दाम पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळायचं, आवाजासाठी. कॅटलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतो. आतली जाळी वितळलेली मी स्वतः चिमट्यानं बाहेर काढलीय, काळ्या गुळाच्या खड्यासारखी. पोरं पंधरा हजारांत फाइल टाकून घेतात, कुठल्या देशातली ते माहीत नाही. युरोपातल्या ९८ ऑक्टेनवर लिहिलेली फाइल, आणि आपण भरतोय वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलला तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, पंपावर आणि इंजेक्टरवर ताण येतो. ते कोण बघणार?

---

फुल_थ्रॉटल_पुणे

@कॅलिब्रेशनवाली, गोल्फ आरबद्दल माझी माहिती अपुरी होती, मान्य. डीक्यू२०० बद्दलही मान्य.

पण वॉरंटीचा बाऊ मला पटत नाही. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बदलामुळेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवायचं असतं, सरसकट वॉरंटी उडवता येत नाही. आपल्याकडे कंपनी म्हणेल ती पूर्व दिशा का? आणि व्यवहारात सर्व्हिसच्या आधी लोक स्टॉक फाइल परत टाकतात. सगळे करतात.

---

कसारा_चढ

ही शेवटची दोन वाक्यं वाचून राहवलं नाही.

स्टॉक फाइल परत टाकून क्लेम मागणं म्हणजे फसवणूक आहे, भावा. तुझा हौसेचा खर्च तू दुसऱ्याच्या खिशातून काढतोस. मी क्लेम टाकला तेव्हा ट्यूनचं विचारल्याबरोबर सांगून टाकलं. क्लेम गेला, पण त्या अॅडव्हायझरच्या डोळ्याला डोळा देऊन बोलू शकलो.

शिवाय ते लपतही नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत सॉफ्टवेअर बदललेलं आढळलं की त्या गाडीच्या नोंदीला टीडी१ असा शेरा लागतो. किती वेळा फाइल लिहिली गेली याचा हिशोब कंट्रोल युनिटमध्येच राहतो. शेरा एकदा लागला की कुठल्याही शहरातल्या सर्व्हिस सेंटरला दिसतो, आणि इंजिन-गिअरबॉक्सचा क्लेम तिथेच अडतो. खिडकीची मोटर गेली तर तो अडू नये, हे तुझं बरोबर. पण तुटलेला पिस्टन आणि वाढवलेला बूस्ट यांचा संबंध दाखवायला कंपनीला अमेरिकेतसुद्धा किती कष्ट पडतील?

आणि आपण राहतो महाराष्ट्रात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. आरसीच्या नमुन्यात अश्वशक्तीचा रकाना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रस्त्यात कोणी लॅपटॉप घेऊन तपासत नाही, मान्य. पण मोठा अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने फाइल काढली तर? न कळवलेला बदल हे क्लेम नाकारायला आयतं कारण आहे. पिस्टनचे पैसे मी भरले. समोरच्या माणसाच्या जिवाचे कुठून भरायचे?

---

श्टुटगार्टकर

इथलं सांगतो, तुलनेसाठी. जर्मनीत ताकद वाढवली आणि तपासून कागदपत्रांत नोंद करून घेतली नाही तर गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवानाच रद्द होतो. विम्यालाही कळवावं लागतं, हप्ता वाढतो. त्या बदल्यात आब्टसारखे नावाजलेले ट्यूनर स्वतःची लेखी हमी देतात. म्हणजे मूळ कंपनीने हात वर केले तरी दुसरा कोणी जबाबदार असतो. व्होल्वोच्या पोलस्टार ऑप्टिमायझेशनमध्ये तर कंपनीची वॉरंटीच कायम राहायची.

कसारा_चढ यांच्या गोष्टीत मला खरी उणीव ही दिसली. ३८ हजार घेणाऱ्याने एका ओळीचीही हमी लिहून दिली नव्हती.

---

उद्यमनगर_गॅरेज

बरोबर बोललात साहेब. मी ट्यूनच्या गाडीला बिलावर लिहून देतो: काय बदललं, कुठलं पेट्रोल, किती ऑक्टेन. इंजिनाची हमी मी देऊ शकत नाही, तेवढं माझं भांडवल नाही. ते तोंडावर सांगतो. त्यामुळे गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

---

फुल_थ्रॉटल_पुणे

स्टॉक फाइलचं वाक्य मागे घेतो. रागावू नका दादा, चुकीचंच होतं ते. मी स्वतः तसं केलेलं नाही, माझी वॉरंटी संपेपर्यंत एकही क्लेम लागला नाही.

ट्यूनबद्दलचं मत मात्र कायम. इंजिन-गिअरबॉक्स गेला तर लागतील तेवढे पैसे मी पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवलेत. ते हलवत नाही. ज्याला हे जमतं त्याने चार वर्षं कशाची वाट बघायची?

---

नवा_जीटीवाला

नमस्कार, मीच तो भाचा. मामाने लिंक पाठवली.

सगळं दोनदा वाचलं. कॅलिब्रेशनवाली ताई, एक विचारतो. टॉर्क २५० च्या वर जाऊच दिला नाही, फक्त तो वरच्या आरपीएमपर्यंत धरून ठेवला तर? गिअरबॉक्सची मर्यादा पाळली जाईल आणि ताकदही वाढेल ना?

---

कॅलिब्रेशनवाली

प्रश्न चांगला आहे. स्टॉक गाडीत २५० न्यूटन मीटर साधारण ३,५०० आरपीएमपर्यंत मिळतात, मग उतरत जातात. तेच ५,००० पर्यंत धरले तर हिशोबाने १७८ पीएस होतात. खालच्या आरपीएमला काही बदललं नाही तर प्री-इग्निशनचा धोकाही फारसा वाढत नाही. स्टेज वनपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

पण वरच्या आरपीएमला एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि टर्बो जास्त राबतो. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत तुला ती ताकद क्वचितच लागेल. आणि टीडी१ ला तू टॉर्क किती जपलास याच्याशी देणंघेणं नाही. फाइल बदलली की शेरा लागला.

---

नवा_जीटीवाला

हं. म्हणजे वॉरंटी तशीही जाणार. माझ्याकडे फुल_थ्रॉटल दादांसारखे बाजूला ठेवलेले पैसे नाहीत, पहिला हप्ताच येत्या पाच तारखेला आहे. पण खरं सांगू का, मन अजून मानत नाहीये.

---

कसारा_चढ

रविवारी जेवायला ये. खणातला तो तुकडा तुझ्या हातावर ठेवतो. नंतर तुझी गाडी घेऊन कसाऱ्यापर्यंत जाऊ, स्टॉकच, तू चालव. तिसऱ्यात नको, दुसऱ्यात टाकून.