इंदूरमध्ये अतिथी शिक्षक: परवाना नक्की कुठून काढायचा?

लोकमान्यनगर_नवी
पुण्याची बीएस्सी (गणित) आणि बीएड आहे, लग्नानंतर इंदूरला आले. सरकारी शाळेत कुणी रजेवर असेल तिथे बदली शिक्षक म्हणून जायची तयारी आहे. त्यासाठी आधी परवाना लागतो असं ऐकलं. कुठे मिळतो? पहिली-दुसरीची मुलं मिळाली तर उत्तम. आणि एक घोळ: आधारवर सासरचं नाव आहे, मार्कशीटवर माहेरचं.

जुना_राजवाडा
ताई, परवाना म्हणून वेगळा कागद इथे नाही. मध्य प्रदेशात या कामाला अतिथी शिक्षक म्हणतात, आणि जीएफएमएस या अतिथी शिक्षकांच्या सरकारी पोर्टलवरची सत्यापित (कागद तपासून मान्य झालेली) नोंदणी हाच तुमचा परवाना. आधी समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब आणि सदस्य ओळख क्रमांक), मग आधार ई-केवायसी, मग नोंदणी. त्यानंतर मूळ कागद घेऊन संकुल केंद्रावर (आसपासच्या सरकारी शाळांचं काम बघणारी मुख्य शाळा) सत्यापन, आणि शेवटी तुमच्या गुणांचं स्कोरकार्ड. ते हातात आलं की रिक्त जागांसाठी पसंती देता येते. बहुतेकांचं घोडं सत्यापनावर अडतं. ऑनलाइन फॉर्म भरून पावती छापली की काम झालं असं वाटतं, पण संकुलाकडून मान्यता मिळाल्याशिवाय स्कोरकार्ड निघत नाही. आणि हे सगळं विभाग तारखा जाहीर करतो तेवढ्याच दिवसांत उरकावं लागतं.

पहिली-दुसरी मात्र डोक्यातून काढा. प्राथमिकसाठी बीएड चालत नाही, डीएलएड (प्राथमिक शिक्षकांची पदविका) लागतं. सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्ट 2023 चा निकाल आहे. इथे शिक्षकांच्या श्रेणीला 'वर्ग' म्हणतात: वर्ग 3 प्राथमिक, वर्ग 2 माध्यमिक, वर्ग 1 उच्च माध्यमिक. तुम्ही बसता वर्ग 2 मध्ये, म्हणजे सहावी ते आठवी गणित. वर्ग 1 ला त्या विषयातलं एमएस्सी हवं.

कियोस्कवाला_सुदामानगर
समग्रमध्ये दोन आकडे असतात: कुटुंबाचा 8 अंकी, सदस्याचा 9 अंकी. लोक पहिला टाकतात आणि मग पोर्टलला शिव्या देतात. महाराष्ट्रातून आलेल्यांकडे समग्र नसतंच. नगर निगमच्या झोन कार्यालयात आधार आणि विवाह प्रमाणपत्र देऊन सासरच्या कुटुंब आयडीत नाव जोडून घ्या.

नावाचा घोळ दुहेरी आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी छापतात: 'जोशी मीरा अनंत'. इकडचा ऑपरेटर ते जसंच्या तसं टाइप करतो, आधारवर असतं 'मीरा समीर काळे', आणि संकुलात दोन वेगळ्या बायका समजून अर्ज परत येतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीकडचं शपथपत्र आणि विवाह प्रमाणपत्र एकत्र लावा. हे सत्यापनाच्या आधी करा, नंतर दुरुस्ती म्हणजे डोकेदुखी.

तिसरी_घंटा
पैशाचंही बोलूया. 2023 मध्ये मानदेय (महिन्याचं मानधन) दुप्पट झालं: वर्ग 1 ला 18,000, वर्ग 2 ला 14,000, वर्ग 3 ला 10,000. मात्र त्या जागेवर नियमित शिक्षक बदलीने रुजू झाला की अतिथी कार्यमुक्त, सत्र अर्ध्यात असलं तरी. म्हणून कामाचे दिवस मोजत राहा आणि शाळा सोडताना अनुभव प्रमाणपत्र घेतल्याशिवाय निघू नका. पुढे थेट भरतीत अतिथींच्या राखीव जागांसाठी तीन सत्रं आणि 200 दिवस बघतात.

खासगी शाळेत अर्ज थेट शाळेकडे. सीटीईटीचा (केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा) दुसरा पेपर गणित-विज्ञान घेऊन देऊन ठेवा. पास व्हायला 150 पैकी 90 गुण, प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

लोकमान्यनगर_नवी
खूप आभार सगळ्यांचे. हिंदी माध्यमात गणित जमेल ना?

जुना_राजवाडा
गणित तेच, शब्द अडवतात. लसावि तिथे 'लघुत्तम समापवर्त्य', अपूर्णांक 'भिन्न', वर्तुळ 'वृत्त'. आणि सहावीच्या पोरांना 'चौरस' म्हणालात तर बघत बसतील, तो इथे 'वर्ग'. एनसीईआरटीची हिंदी पुस्तकं आणून हे शब्द आधी घोटा.