दोन हार्मोन्स म्हणजे दुप्पट कॅन्सर? हे पसरवणं आधी थांबवा

महालची सून
परवा एका ताईंनी लिहिलं, "पाळी गेल्यावर एचआरटी (हार्मोन्सची औषधं) घ्यायचीच तर एकच औषध घ्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही म्हणजे दुप्पट कॅन्सर." खाली कितीतरी बायकांनी हात जोडलेले. मला राहवलं नाही. ज्यांची गर्भाची पिशवी शाबूत आहे त्यांना नुसतं इस्ट्रोजेन मिळत राहिलं तर पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि कॅन्सर होऊ शकतो तो पिशवीचा. ते अस्तर आवरायलाच प्रोजेस्टेरॉन असतं. माझ्या जाऊबाईंनी असंच कुठंतरी ऐकून इस्ट्रोजेनचं जेल लावलं आणि प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल सोडल्या. आठ महिन्यांनी अंगावरून जायला लागलं. क्युरेटिंग केलं, अस्तर जाड निघालं. कपाट आवरताना हळदीकुंकवाच्या डब्याखाली मला कॅप्सूलच्या सहा स्ट्रिपा सापडल्या. एकही फोडलेली नव्हती.

वर्धा रोड
आणि 2002 चा अमेरिकेतला डब्ल्यूएचआय नावाचा एचआरटीवरचा अभ्यास? दोन्ही औषधं घेणाऱ्यांतच स्तनाचा कॅन्सर वाढला, म्हणून तो भाग मधेच बंद केला. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत वाढला नाही. मग ताई काय चूक बोलून राहिल्या? माझी आई त्याच आजारानं गेली.

महालची सून
आईचं वाचून वाईट वाटलं. पण नुसतं इस्ट्रोजेन ज्यांना दिलं त्यांची पिशवी काढलेली होती, हे का गाळता? दोन्ही औषधं घेणाऱ्यांत वाढ होती 10,000 बायकांमागे वर्षाला 8 ची. त्या बायकांचं सरासरी वय होतं 63.

औषधदुकानवाली, सीताबर्डी
घोळ वेगळाच आहे. थायरॉइडची गोळी चालू असताना इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली तर थायरॉइडचा डोस कमी पडू शकतो. फिटसाठी लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांत इस्ट्रोजेनमुळे त्याचं प्रमाण घटतं, फिट येऊ शकते. काउंटरवर मी विचारते, "अजून काय चालू आहे?" उत्तर ठरलेलं, "काही नाही." आणि हातातल्या पिशवीत अश्वगंधेची डबी.

गोकुळपेठ
आलं का शेवटी आयुर्वेदावर! चार वर्षं अश्वगंधा घेते, रात्रीचा घाम थांबला. मे महिन्यात 45 डिग्रीत कूलरसमोर रडत बसायची मी. तुमचा धंदा गोळ्यांचा, तुम्हाला काऊन पटेल?

औषधदुकानवाली, सीताबर्डी
धंदा काढू नका बाप्पा. अश्वगंधाही मीच विकते. ती घेऊन थायरॉइडचं हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून डॉक्टरांना सांगा म्हणते. सोडा असं कुठं म्हटलं?

गोकुळपेठ
डॉक्टर ऐकून घेतात कुठं? नाव काढलं की कागद बाजूला सारतात.

औषधदुकानवाली, सीताबर्डी
हे मात्र खरं. तरी चिठ्ठीवर लिहून न्या.

वर्धा रोड
पिशवी असेल तर कॅप्सूल सोडू नये, एवढं मानते. पण जिची आई गेली तिला 10,000 मागे 8 सांगू नका. मी एचआरटी घेणार नाही.

महालची सून
नका घेऊ, तो तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा निर्णय. फक्त तुमचं ते 'कॅप्सूल सोडू नये' वाक्य त्या ताईंच्या पोस्टखाली लिहाल का? माझं त्या ऐकत नाहीत.

वर्धा रोड
लिहिते.