जुना जर्मन गज: ‘तूर्त’ ठसा, टोकाची रेघ आणि न सरकणारा फ्रॉग

मंद्र_सा
व्हायोलिनचा जुना गज आहे. दांडी अष्टकोनी, फ्रॉगच्या (हाताकडच्या, केस ताणणाऱ्या सरकत्या ठोकळ्याच्या) वर ‘तूर्त’ (Tourte) असा ठसा, दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरांत ‘जर्मनी’. वजन 57 ग्रॅम, पण दांडीवर पकडीपाशी गुंडाळलेली तार निघून गेली आहे. फ्रॉग काळ्या एबनी लाकडाचा, त्यावर जर्मन सिल्व्हर आणि शिंपला. स्क्रू नुसता फिरतो, फ्रॉग सरकत नाही. टोकाशी, घोड्याचे केस बसतात त्या खाचेच्या बाजूला, एक बारीक रेघ आहे. गज फ्रेंच असू शकतो का? आणि केस बदलून वाजवण्याजोगा आहे का?

राळ_आणि_केस
फ्रेंच नाही. नामवंत फ्रेंच गजकार फ्रांस्वा तूर्त 1835 साली वारला आणि स्वतःच्या गजांवर तो क्वचितच ठसा मारी. जर्मनीच्या सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्खन भागातल्या कारखान्यांनी मात्र हे नाव हजारो गजांवर उठवलं. अमेरिकेत 1891पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, त्यामुळे ‘जर्मनी’ लिहिलेला गज बहुधा त्यानंतरचा. पण म्हणून टाकाऊ समजू नका. त्याच गावात न्यूर्नबर्गर आणि फ्रेट्श्नर घराण्यांनी फार उत्तम गज घडवले. ठशापेक्षा दांडी बघा: फ्रॉगकडून टोकाकडे नजर लावून धरली तर ती सरळ हवी आणि बाक सलग हवा. वजनाची चिंता नको. साधारण 58 ते 63 ग्रॅम चालतं, चांदीची तार गुंडाळली की दोन-चार ग्रॅम भरतील.

खाच_आणि_पाचर
स्क्रूचं दुखणं सहसा किरकोळ असतं. फ्रॉगच्या आतल्या पितळी नटाचे आटे झिजतात. नट बदलतात, स्क्रू तोच ठेवतात. जर्मन आणि फ्रेंच आटे वेगळे असतात, म्हणून हाताला लागेल तो नट बसवू नका, नवाही लगेच झिजेल.

रेघ मात्र गंभीर आहे. टोकाशी लाकडाचे तंतू आखूड पडतात आणि केसांचा ताण नेमका तिथेच येतो. केस काढून, पाचर (केस खाचेत धरून ठेवणारा लाकडाचा तुकडा) बाहेर घेऊन, खाचेच्या आतून भिंगाने पाहा. आतही रेघ दिसली तर ती तडा आहे. नुसता गोंद टिकत नाही, आडवी लाकडी पट्टी बसवावी लागते, आणि तरी किंमत फार उतरते. पुष्कळदा तडा जातो तो पाचर ठोकून बसवल्यामुळे. पाचर बोटाने दाबून बसावी, गोंदाशिवाय. तोवर गज ताणू नका.

मंद्र_सा
टोकाची पट्टी पांढरी आहे. हस्तिदंत असेल का? आणि केस पावसाळ्यात बदलले तर चालतील?

राळ_आणि_केस
भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर हाड, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा दिसल्या तर हस्तिदंत. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर आपल्याकडे बंदी आहे, परदेशी पाठवायचं तर अडचण येईल. दांडी पर्नांबुको या ब्राझिली लाकडाची असली तर ते लाकूडही 2007पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे.

खाच_आणि_पाचर
मुंबई-गोव्याच्या पावसात केस दमट हवेने लांबतात आणि कोरड्या हवेत आखडतात. म्हणून पावसाळ्यात बसवताना किंचित लांब ठेवायला सांगा, नाहीतर हिवाळ्यात स्क्रू पूर्ण सैल करूनही दांडीवर ताण राहील. केस स्पिरिटने पुसायचे असतील तर दांडी झाका, पॉलिश जाईल.