मराठवाड्यातले चाऊस: दोनशे वर्षं झाली, अजून 'बाहेरचे'च?

गोदाकाठ:
नांदेड, परभणी, जालना, बीड, औरंगाबाद या पट्ट्यात 'चाऊस' आडनाव कोणाला नवीन नाही. माझ्या वर्गातच दोघं होते. त्या आडनावाचा अर्थ मला फार उशिरा कळला. तो मूळचा तुर्की लष्करी हुद्दा आहे, आपल्या हवालदाराच्या जवळपासचा. ही माणसं येमेनच्या पूर्वेकडच्या हद्रमौतमधून आली. कोरडा मुलूख, टोळ्यांची कायमची भांडणं, त्यामुळे पोरं मुकल्ला किंवा शिहर बंदरातून गलबतात बसायची. कोणी जावाला गेले, कोणी पूर्व आफ्रिकेला, तर हातात बंदूक धरता येणारे दख्खनला.

हे आज लिहायचं कारण म्हणजे एका लग्नात मर्फा (अरबी ढोलांचं वाद्यवादन) वाजत होता आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हे सगळे निजामाने आणून बसवलेले अरब." मला ते खटकलं, कारण निजामाइतकेच मराठ्यांनीही हे अरब पदरी बाळगले होते. बडोद्याच्या गायकवाडांच्या शिबंदीत अरब होते, नागपूरकर भोसल्यांकडे होते, दुसऱ्या बाजीरावाकडेही होते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात पेशव्यांच्या बाजूने गावात शिरलेल्या पायदळात अरब मोठ्या संख्येने होते. मराठेशाही बुडाल्यावर इंग्रजांनी त्यांना आपल्या मुलखातून हुसकलं. त्यातले पुष्कळ हैदराबादकडे सरकले, कारण तिथे अजून नोकरी मिळत होती. म्हणजे चाऊस हे जितके निजामाचे तितकेच आपलेही. आपल्या इतिहासातून त्यांना आपणच वगळलं, असं माझं म्हणणं आहे. पटत नसेल तर खोडून काढा.

तोफखाना:
खोडून काढतो. पदरी असणं वेगळं आणि आपलं असणं वेगळं. अरब भाडोत्री सैनिक होते आणि त्यांची निष्ठा पगाराशी होती. तुम्ही बडोद्याचं नाव घेतलं, पण १८०२ मध्ये तिथे काय झालं ते गाळलंत. थकलेल्या पगारापायी अरबांनी खुद्द आनंदराव गायकवाडांना नजरकैदेत ठेवलं होतं. इंग्रजांनी बडोद्याला वेढा घालून त्यांना बाहेर काढलं आणि या निमित्ताने बडोद्यात पाय रोवले ते कायमचे.

हैदराबादची कथा तर याहून वाईट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निजाम सरकार कर्जात बुडालेलं होतं आणि सावकारांत अरब जमादार, म्हणजे अरब शिपायांच्या तुकड्यांचे म्होरके, पुढे होते. फेड म्हणून तालुकेच्या तालुके त्यांच्याकडे लावून दिलेले. वसुलीला दारात बंदूकधारी बसवायचे, ऋणकोला स्वतःच्या कोठडीत डांबायचे. निजामाचा दिवाण पहिल्या सालारजंगाने १८५३ पासून ते तालुके एकेक करून सोडवले. शिवाय पैसा गेला कुठे ते बघा. उमर बिन अवद कुआइती हा हैदराबादेतला जमादार. त्याच्या मुलांनी हद्रमौतमध्ये राज्य उभं केलं, १८६७ मध्ये शिहर घेतलं, १८८१ मध्ये मुकल्ला. त्यांचा वैरी गालिब बिन मुहसिन कथीरी, तोही हैदराबादचाच जमादार. दोघांनी तिकडची लढाई लढली ती दख्खनच्या पैशावर. कुआइतींची सल्तनत १९६७ पर्यंत टिकली. आपल्या कुणब्याचा शेतसारा अरबस्तानातल्या किल्ल्यांत गेला, आणि तुम्ही म्हणता वगळलं!

मोसमतीर:
मी मालेगावचा. आमच्या भुईकोटाचं नाव अजून कसं निघालं नाही? नारोशंकर राजेबहाद्दरांचा हा किल्ला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा आत लढत होते ते अरब. पेशवा तोवर पळत फिरत होता, जूनच्या सुरुवातीला त्याने इंग्रज सेनानी मॅल्कमसमोर हात टेकले. किल्ला मात्र त्यानंतरही लढत होता. पहिला हल्ला अरबांनी परतवला. इंग्रजांचे मेले-जखमी २०० च्या वर गेले. शेवटी आतला दारूगोळा पेटला, तेव्हा कुठे जूनच्या मध्याला ते बाहेर आले. तोफखाना, ज्याचा धनीच उरला नाही तो शिपाई कोणत्या पगारासाठी लढतो?

तोफखाना:
थकलेल्या पगारासाठी, आणि सुखरूप बाहेर पडायची हमी मिळावी म्हणून. नागपुरातही तेच. सीताबर्डीची लढाई झाली, १६ डिसेंबर १८१७ ची लढाईही हरली, आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हाती गेले, तरी अरब शहर आणि वाडा सोडेनात. २४ तारखेचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी मोडून काढला आणि ३० तारखेला वाटाघाटी करून निघून गेले. शौर्य मी नाकारत नाही. त्याला देशप्रेमाचं लेणं चढवू नका, एवढंच.

गोदाकाठ:
नागपूरचा दाखला तुम्ही दिलात ते बरं झालं. ते निघाले तेव्हा बायकामुलं आणि सामानसुमान त्यांच्याबरोबर होतं. फक्त पगारासाठी आलेला माणूस संसार मांडत नाही. हद्रमौतहून बायका जवळपास येतच नसत, म्हणजे ती कुटुंबं इथल्याच लेकींची. देशप्रेमाचा शब्द मी काढलेला नाही. त्या काळात पगार थकला की मराठे, पठाण, गोसावी, सगळेच धरणं धरून बसत. शिंद्यांच्या फौजेत हे किती वेळा झालं! मग भाडोत्री हा शिक्का एकट्या अरबांवरच का?

आणि तंजावर, बडोदा, ग्वाल्हेरचे मराठे तरी तिथे कसे पोचले? तलवार घेऊनच ना? तंजावरच्या मराठी घरांना आज कोणी 'तुम्ही बाहेरचे' म्हटलं तर आपल्याला झोंबेल.

तोफखाना:
झोंबेल, पण प्रश्न विचारायचा हक्क तमिळ माणसाला आहेच. बंगालमध्ये 'बर्गी', म्हणजे मराठा घोडेस्वार, येतील म्हणून अजून पोरांना झोपवतात, ते काय उगाच? आपल्या पूर्वजांच्या लुटीचा हिशेब तिथल्या लोकांनी विसरावा असं मी म्हणणार नाही. त्याच मापाने जमादारांचा हिशेबही मी विसरणार नाही. माझे खापरपणजोबा जमीन गहाण टाकून रस्त्यावर आले ते अशाच एका सावकारीत. घरात ही गोष्ट अजून सांगतात.

परभणीकर:
इतका वेळ वाचत होतो. मी चाऊस. तोफखाना साहेब, तुमच्या खापरपणजोबांबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण जमादार आणि त्याच्या दारात उभा राहणारा शिपाई यांच्यात फरक करा. जमादार हैदराबादेत हवेल्यांत राहिले, काही तिकडे जाऊन सुलतान झाले. आमचे लोक तहसिलीत, खजिन्यावर, एखाद्या देशमुखाच्या गढीवर पहारा देत राहिले. आमच्यातच दोन शब्द होते: तिकडून आलेला तो 'विलायती' आणि इथे जन्मलेला 'मुवल्लद'. विलायती मुवल्लदला कमी लेखायचा. म्हणजे अरबांसाठी आम्ही अर्धे हिंदी आणि तुमच्यासाठी पुरते अरब.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर हेच अंगाशी आलं. अरब म्हणून धरपकड झाली, कितीकांना छावणीत ठेवलं, काहींना जहाजाने एडनला पाठवलं. रझाकारांबरोबर काही अरब होते, ते खरं आहे आणि मी झाकणार नाही. पण माझे आजोबा जिंतूरला जन्मले, त्यांची आईही तिथलीच, अरबी त्यांना नमाजापुरती यायची. त्यांना विचारलं, तुझा मुलूख कोणता? ते म्हणाले, जिंतूर. विचारणाऱ्याला ते उत्तर चाललं नाही.

मोसमतीर:
मग सुटले कसे?

परभणीकर:
अब्बा सांगायचे की गावच्या कुलकर्ण्यांनी दाखला लिहून दिला, हा माणूस इथला, याचा बापही इथेच मातीआड आहे म्हणून. मोडीत आहे. कागद आमच्या पेटीत जपलाय, पण घरात एकालाही वाचता येत नाही.

तोफखाना:
जमादारांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. शिपायांना मी त्यांच्यात धरलं, तेवढं चुकलं. मोडी मला येते, फोटो टाका. तारीख आधी बघू, १७ सप्टेंबरच्या आधीची आहे की नंतरची. आधीची असली तर त्या कुलकर्ण्यांना पुढचं दिसत होतं. नंतरची असली तर त्या दिवसांत अरबासाठी असा कागद लिहून देणं सोपं नव्हतं.

परभणीकर:
रात्री पेटी काढतो. घडीवर कागद फाटलाय, दोन फोटो लागतील.