घड्याळाच्या पट्ट्याची पिन झिजली, काय करू?

डायव्हर घड्याळ (पाण्यात बुडी मारतानाही चालते ते) रोज हातात रायते, कपाशीची फवारणी असो का विहिरीवरची मोटर, काढतच नाही. काल पट्टा एका बाजूनं निसटला, पाहतो तं पट्टा घड्याळाले धरून ठेवणाऱ्या पिनेचं टोक झिजलेलं अन् भोकात काळा मळ. साफ करून चालवू का नवी टाकू?

– नवीच टाक भाऊ, अन् दोन्हीकडची. एवढ्याशा पिनेपायी घड्याळ विहिरीत जाईन.

– माप पाहून घेजो पण. रुंदी २२ मिमी जुळली तरी जाडी येगळी रायते, सीको कंपनीच्या बऱ्याच डायव्हरले २.५ मिमीची जाड पिन लागते, पातळ बसते पण खुळखुळते.

– फवारणीले घड्याळ काहून घालतं बे? घाम अन् औषध सांदीत बसते. क्राउन (बाजूची चावी) घट्ट आवळ, मंग साबणपाणी अन् जुना टूथब्रश.

– क्राउन ढिलाच होता राजेहो 😅